लोंबत्या वायरी

आमच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा गाडीवाली माणसं संध्याकाळी दोन पिशव्या घेऊन जिना चढायची. एकीत भाजी, दुसरीत गाडीचा टेप. टेपला पुढे एक कडी असायची. ती धरून ओढली की टेप डॅशबोर्डमधून ड्रॉवरसारखा बाहेर यायचा. लग्नाला गेलं तरी तो बरोबरच. जेवताना दोन पायांच्या मध्ये टेप धरून बसलेले लोक मी पाहिले आहेत. एका मयतीला एक गृहस्थ टेप काखेत घेऊन उभे होते आणि त्याचं कुणालाच काही वाटलं नव्हतं.

हे नव्वदच्या दशकातलं नवीन पनवेल. खांदेश्वरचं स्टेशन अजून व्हायचं होतं, कामोठ्याच्या बाजूला भातशेतं होती आणि आमच्या सोसायटीच्या कंपाउंडची भिंत एका बाजूने अर्धवटच उभी होती. चोर तिथूनच यायचे, असं सगळे म्हणायचे. पुढच्या दाराची तिकोनी काच फोडायची, हात आत घालून कडी उघडायची आणि टेप उपटून न्यायचा. बिल्डिंगमधल्या तीन गाड्यांचे टेप असे गेले होते. त्यातली एक गाडी सोसायटीच्या सेक्रेटरींची होती.

माझी गाडी जुनी, तिसऱ्या हातातली. टेप मात्र नवा होता. बायकोचा भाऊ आखातात नोकरीला होता, त्याने मुलीच्या बारशाला येताना तो आणला होता. आवाज असा की गाडीची लाज वाटावी. पण हा टेप कडीचा नव्हता, स्क्रूने पक्का बसवायचा होता. रोज काढून घरी नेणं शक्य नव्हतं. मेहुणा जाताना म्हणाला होता, "दाजी, गाडी गेली तरी चालेल, टेप सांभाळा." तो हसत म्हणाला होता, पण मी ते मनावर घेतलं. मी तसा सगळंच मनावर घेणारा माणूस आहे. इतरांना त्याचा त्रास होतो आणि मला त्याहून जास्त.

बिल्डिंगच्या तळमजल्यावर गाड्यांचे टेप, स्पीकर, हॉर्न बसवून देणारं एक दुकान होतं. दुकानदार उरणकडचे कोकणी मुसलमान, पन्नाशीचे, आम्ही सगळे त्यांना भाई म्हणायचो. दुकानाचा गाळा भाड्याचा होता, आणि काम चालायचं गाळ्यासमोरच्या सोसायटीच्या मोकळ्या पट्टीत. गिऱ्हाईक सकाळी किल्ली देऊन जायचं, संध्याकाळी गाडी घेऊन जायचं. मधल्या वेळात भाई एकटे दार उघडून आडवे पडून काम करत असायचे. माझी अडचण मी त्यांना सांगितली.

"साहेब, चोराला दोन गोष्टी दिसायला नकोत," भाई म्हणाले. "एक टेप, दुसरी आशा."

त्यांनी टेप बसवला तो डावीकडच्या सीटखाली, प्लायवूडच्या खोक्यात. वर सीटच्याच रंगाचं रेक्झिन. वाकून हात घातल्याशिवाय कळणार नाही. आणि डॅशबोर्डमधलं टेपचं भोक उघडं ठेवून त्यांनी त्यातून तीन वायरी बाहेर सोडल्या, कशालाही न जोडलेल्या. टोकं पक्कडीने ओढून तुटल्यासारखी केली. मग भोकाभोवतीची पट्टी त्यांनी स्क्रूड्रायव्हरने वाकवली आणि तिच्यावर चरे ओढले. मला ते बघवेना.

"अहो भाई, जरा हळू."

"चोर नीटनेटका नसतो साहेब. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, आपल्या आधीच कोणीतरी हात मारून गेला. गेलेल्या घरात परत कोण घुसतो?"

शनिवारी संध्याकाळी किल्ली परत देताना ते म्हणाले, "वहिनींना सोडून कोणाला बोलू नका. एकाला कळलं की बिल्डिंगला कळलं, बिल्डिंगला कळलं की चोराला कळलं. मीपण बोलणार नाही. कोणाच्या गाडीत काय कुठे आहे ते मी माझ्या बायकोलापण सांगत नाही."

सोमवारी सकाळी मी खाली आलो तेव्हा माझ्या गाडीभोवती चारपाच जण उभे होते. सेक्रेटरी काचेला नाक लावून आत बघत होते. ते बँकेत होते, स्वभावाने बरे, पण त्यांचा टेप गेल्यापासून रोज सकाळी सगळ्या गाड्यांत डोकावून बघायची त्यांना सवय लागली होती.

"तुमचाही?" त्यांनी विचारलं.

इतके चेहरे माझ्याकडे बघत होते. भाईंचं बोलणं कानात होतं. मी म्हणालो, "हो ना."

दोनच शब्द. त्यावर कुणीतरी च्च् केलं, कुणीतरी पाठीवर हात ठेवला. शेजारच्या वहिनींनी दुपारी घरी वाटीभर शिरा पाठवला. खोटं सांगणार नाही, मला ते आवडलं. बायको शिऱ्याकडे बघून म्हणाली, "टेप सीटखाली आणि शिरा पोटात. छान चाललंय." आम्ही दोघंही हसलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सेक्रेटरींनी मला जिन्यात थांबवलं.

"एक सांगा, तुमची काच कुठली फुटली?"

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"नाही ना फुटली? मी नीट बघितलंय. चारही दारं शाबूत. आमच्या तिन्ही गाड्यांच्या काचा फोडल्या, तुमची नाही. म्हणजे तुमची गाडी किल्लीने उघडलीय." ते आणखी जवळ आले. "शनिवारी तुमची किल्ली कुणाकडे होती?"

भाईंकडे. दिवसभर. हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

त्यांनी नाव घेतलं नाही. "बघा विचार करून," एवढंच म्हणाले आणि वर गेले. त्या काळात नुसतं नाव ऐकून लोक निम्मा निकाल देऊन मोकळे व्हायचे, आणि उरलेला निम्मा माझ्या गाडीच्या न फुटलेल्या काचेने पुरा केला होता. मी जिन्यात तसाच उभा राहिलो. तेव्हाच त्यांच्यामागे चार पायऱ्या चढून गेलो असतो तर विषय संपला असता. पण बोलता बोलता त्यांनी आधीच आणखी एक सांगून टाकलं होतं: चौकीत ते तोंडी कळवून आले होते, चार गाड्या म्हणून. चौथी माझी. म्हणजे आता मी पोलिसांशीही खोटं बोललो होतो. तळोज्याच्या कारखान्यात माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. पोलिसांत नाव गेलं की ती होणारही नव्हती.

दोन दिवसांत बिल्डिंगचं बोलणं बदललं. भाई समोरून गेले की गप्पा थांबायच्या. रविवारी सोसायटीची मीटिंग ठरली, आणि विषय एकच होता: गाळ्यासमोरची मोकळी पट्टी यापुढे दुकानाला वापरू द्यायची की नाही. ती पट्टी गेली की गाडी उभी करायला जागा नाही, आणि गाडी उभी राहिली नाही तर त्या दुकानात काही उरत नाही. हे लहान मुलालाही कळलं असतं.

शनिवारी दुपारी मी दुकानात गेलो. भाई एका हॉर्नची कॉइल उघडून बसले होते. वर बघितलं नाही.

"तुमच्या कानावर आलं असेल," मी म्हणालो.

"कानावर? सेक्रेटरी स्वतः आले होते. विचारलं, तुमचा टेप कुठे बसवला होता, किल्ली कधी परत दिली. मी बोललो, गिऱ्हाइकाच्या गाडीचं मी बोलत नाही. तर म्हणतात, बघा, लपवतोय."

"मग सांगून टाका ना भाई. माझी काही हरकत नाही."

तेव्हा त्यांनी मान वर केली. "तुमची हरकत नाही?" ते म्हणाले. "साहेब, मी सांगितलं टेप सीटखाली आहे. ते तुम्हाला विचारणार. तुम्ही तर सोमवारी चारचौघांत बोललात, गेला. मग दोघांतला खोटारडा कोण? आणि समजा मानलं त्यांनी. उद्या दुसरं गिऱ्हाईक म्हणणार, हा माणूस अडचण आली की लपवलेली जागा दाखवतो. त्याला किल्ली कशाला द्या?"

"मी सांगतो मीटिंगमध्ये."

"मीटिंगपर्यंत कशाला थांबताय? सेक्रेटरी तिसऱ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट नाही, पण जिना आहे."

यात थट्टा होती, पण ते हसत नव्हते. मी म्हणालो, आजच जातो.

गेलोही. त्याच संध्याकाळी. सेक्रेटरींनी चहा टाकायला सांगितला. त्यांच्या पत्नीच्या बोटाला पट्टी होती. सीटच्या फटीत राहिलेला काचेचा तुकडा इतक्या दिवसांनी तिला लागला होता. त्या म्हणाल्या, "टेपचं काही नाही हो. पण आपल्याच बिल्डिंगमधला माणूस, रोज हसून बोलणारा." सेक्रेटरी म्हणाले, "उद्या मीटिंगला हवालदार येणार आहेत. विचारपूस करायला घेऊन जातील. दोन तास बसवलं की आपोआप बोलेल." ते माझ्याकडे असे बघत होते की जणू मला एखादी चांगली बातमी सांगत आहेत. माझ्यासाठी एवढं करत होते ते. मी चहा प्यायलो. मग मी उठलो आणि घरी आलो.

बायकोने दारातच विचारलं, "सांगितलंत?"

मी चपला काढत राहिलो.

"उद्या तुम्ही नाही बोललात तर मी बोलणार," ती म्हणाली. "आणि मी बोलले तर तुमच्याबद्दलही बोलेन. मग मला म्हणू नका, चारचौघांत अब्रू घालवलीस."

"हवालदार येणार आहे."

"भाईंना घेऊन जाणार आहे ना? तुम्हाला नाही."

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. मुलीला भरवताना मुलीशी बोलली, तेही मला ऐकू जाईल असं नाही.

मीटिंग स्टिल्टमध्ये, म्हणजे बिल्डिंगच्या खाली जिथे गाड्या लागायच्या तिथेच भरली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. माझी गाडी शेवटच्या खुर्चीपासून चार हातांवर, काचेतून वायरी लोंबताना दिसत होत्या. येणारा प्रत्येक जण आधी तिकडे बघायचा आणि मग बसायचा. हवालदार एका खांबाला टेकून उभे होते. भाईंना खुर्ची दिली होती, पण ते बसले नाहीत. ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते.

सेक्रेटरींनी सुरुवात केली. कुणावर आरोप नाही, पण सोसायटीची सुरक्षा. पट्टी सोसायटीची, तिथे रोज परक्या गाड्या, परकी माणसं. मग काचांचं सांगितलं. तीन फुटल्या, एक नाही. एकेक वाक्य सरळ होतं आणि एकात एक गुंतून भाईंच्या पायापाशी येत होतं. गाळ्याचे मालक मागे बसले होते. जवळच्याच गावातले, त्यांच्या शेतावरच आमची बिल्डिंग उभी होती. ते उठून म्हणाले, "त्याला चोर बोलताय, तर पुरावा हाय का तुमच्याकडं? भाडेकरू माजा हाय. मी त्याला ओलकतो."

"पुरावा समोर उभा आहे," सेक्रेटरी माझ्या गाडीकडे हात करून म्हणाले.

हवालदार खांबापासून सरळ झाले. भाईंना म्हणाले, "चला, चौकीत बसून बोलू. इथे कशाला तमाशा?"

भाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी शर्टाच्या खिशातून दुकानाच्या चाव्या काढल्या आणि गाळ्याच्या मालकांच्या हातात दिल्या. ते इतकं शांतपणे केलं, की मला कळलं, ते घरूनच ठरवून आले होते. मी बोलेन असं त्यांनी धरलंच नव्हतं.

मी उठलो. बोलायचं होतं, पण पहिला शब्दच ठरेना. मग मी चालत गाडीपाशी गेलो. मागून कुणीतरी म्हणालं, "आता हे कुठे निघाले?" मी दार उघडून बसलो, किल्ली फिरवली, वाकून सीटखाली हात घातला आणि बटण दाबलं.

काही झालं नाही.

सबंध आठवडा मी भीतीने गाडी चालवली नव्हती. बॅटरी उतरली असणार. मी पुन्हा दाबलं. सगळे माझ्याकडे बघत होते, एक माणूस सीटखाली डोकं घालून काय करतोय म्हणून. मग सीटखालून एक आवाज आला. जाड, ओढल्यासारखा, एखादा आजारी माणूस कण्हावा तसा. हळूहळू तो चढला, बारीक झाला, आणि त्यातून माझ्या मुलीची बडबडगीतांची कॅसेट वाजायला लागली. मांजरीच्या पिल्लाचं गाणं. ते मध्येच सुरू झालं होतं आणि लहान मुलांचा कोरस म्याव म्याव करत होता.

कुणी हसलं नाही. मी गाडीतून बाहेर आलो, आणि आता बोलणं जमलं. "टेप चोरीला गेलेला नाही," मी म्हणालो. "कधीच गेला नव्हता. वायरी खोट्या आहेत, मीच करून घेतल्यात. सोमवारी मी खोटं बोललो. भाईंचा काही संबंध नाही."

पहिल्यांदा हवालदार हसले. मग त्यांनी चेहरा सरळ करून मला पाच मिनिटं झापलं, खोटी तक्रार म्हणजे काय असतं ते समजावून सांगितलं, आणि मी मान खाली घालून ऐकलं. तक्रार तोंडीच होती म्हणून ते तिथेच थांबलं. सेक्रेटरी खुर्चीवर बसले आणि चष्मा काढून पुसत राहिले. काल मी त्यांच्या घरी चहा पिऊन आलो होतो, हे त्यांना आठवत असणार. गाणं अजून चालूच होतं. शेवटी माझी बायको जिन्यावरून उतरून आली आणि तिने ते बंद केलं.

भाईंना कुणी घेऊन गेलं नाही. पट्टीचा विषय 'पुढच्या वेळी' म्हणून बाजूला ठेवला. मला वाटलं, संपलं. उशिरा का होईना, मी केलं. दुपारी मी दुकानात गेलो, थोडा हलका होऊन, माफी मागायला. भाई मला बघून उठले आणि मला म्हणाले ते मी अजून विसरलेलो नाही.

"तोंड नव्हतं का तुम्हाला? वाजवून दाखवायची काय गरज होती? नुसतं बोलला असतात, टेप आहे, नंतर येऊन बघा. सेक्रेटरींना एकट्याला दाखवायचा. आता सगळ्या बिल्डिंगने बघितलं, हवालदाराने बघितलं, सीटखाली हात कुठे जातो ते. माझ्या हातच्या अजून किती गाड्या तशा आहेत माहितीय? पनवेलमध्ये, कळंबोलीत. सगळ्यांना आज बोलवून खोकी काढायला लागणार."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी आठवडाभर त्यांचा विचार करत होतो असं मला वाटत होतं, पण विचार करत होतो तो माझाच. कसं बोलू, काय होईल, मला काय म्हणतील. गप्प राहिलो तेही माझ्यासाठी, आणि शेवटी वाजवलं तेही, शब्द उच्चारायची लाज टाळता यावी म्हणून.

भाईंनी ती खोकी काढली. पुढचे काही आठवडे त्या पट्टीत रोज एखादी गाडी सीट काढून उभी असायची. आमच्या बिल्डिंगमधलं कुणी त्यांना उघडपणे काही बोललं नाही. उलट जरा जास्तच हसून बोलायचे. पण किल्ली देऊन जाणं बंद झालं. काम असेल तर गाडीवाला स्वतः उभा राहायचा, पेपर वाचत, काम संपेपर्यंत. कुणी कुणाला तसं सांगितलं नव्हतं. मीटिंगमध्ये भाई निर्दोष ठरले होते, पण त्यांच्यावर संशय घेता येतो हे त्याच मीटिंगमध्ये सगळ्यांना कळलं होतं. ते मला परत घेता येण्यासारखं नव्हतं. पट्टीचा विषय पुढच्या मीटिंगमध्ये आलाच नाही. त्याआधीच त्यांनी गाळा सोडला आणि कळंबोलीला हायवेच्या कडेला, ट्रकवाल्यांच्या रांगेत दुकान टाकलं.

मी तिथे गेलो, बऱ्याच महिन्यांनी. एक स्पीकर फाटला होता. तो कुठेही बसवून मिळाला असता, पण मी मुद्दाम तिथे गेलो. त्यांनी ओळख दाखवली, मुलीचं विचारलं, बायकोचं विचारलं. "वहिनी बऱ्या आहेत ना? त्या दिवशी त्यांनीच गाणं बंद केलं होतं," ते म्हणाले आणि जरा हसले. मी किल्ली पुढे केली आणि म्हणालो, "मी संध्याकाळी येतो न्यायला. घाई नाही."

त्यांनी किल्ली घेतली नाही. दुकानातून एक लोखंडी स्टूल आणून त्यांनी गाडीच्या दाराशी ठेवलं.

"बसा," ते म्हणाले.

"भाई, मला बसायची गरज नाही."

"तुम्हाला नसेल, मला आहे. गिऱ्हाईक समोर असल्याशिवाय मी आता दार उघडत नाही. कोणाचंच."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. कामाची पद्धत सांगावी तसं ते सांगत होते. मागून ट्रक जात होते आणि धूळ उडत होती. मी स्टुलावर बसलो आणि काम संपेपर्यंत त्यांच्या हातांकडे बघत राहिलो.